मीठ

सुगी आटपली, गंज्या रचून झाल्या
की थोरला काका आढ्यावरचं धनुष्य खाली काढायचा.
मेसाच्या बांबूचं, एरंडेल पाजून पाजून काळं झालेलं.
वाखाची दोर निराळी, तंबाखूच्या डब्यात.
बाणांची पाती बापूनं घडवलेली,
उद्यमबागेतल्या कारखान्यात, रात्रपाळीला,
लॉरीच्या मोडक्या पाट्यातून,
मालकाला न विचारता.

आम्ही सातजण. दिवटी कुत्री धरून आठ,
असं काका मोजायचा.
ओमाण्णा, पुन्नाप्पा, बापू, धाकटा नागोजी,
आणि बैलहोंगलचा शिवपुत्र, बापूच्या मशीनशेजारचा.
त्याच्या घरात अंडंसुद्धा येत नव्हतं,
खरं दरसाल हजर.
"तिन्नाक अल्ल," म्हणायचा, "खायला न्हाई. बघायला."
आणि मी, तेरा वर्षांचा,
मिठाच्या पिशवीचा धनी.
दोन शेर खडेमीठ, मांस वाळवायला.

जांबोटीला गाडी सोडली.
पहिली रात्र धनगरवाड्यावर, ताक-भाकरी, म्हशींची ऊब.
दुसरी रात्र उघड्यावर,
विस्तव नाही, विडी नाही,
पुन्नाप्पाचा खोकला घोंगडीत कोंबलेला.

काकाला एक दरड ठाऊक होती,
तिथली माती सांबरं चाटायची.
पहाटे त्यानं चिमूटभर राख हवेत सोडली,
ती आमच्याच तोंडावर आली.
"बरं हाय," एवढंच बोलला.
मला शिंक येत होती.
शिवपुत्रानं माझं नाक दाबलं,
कानाशी पुटपुटला, "सुम्नीर."

मग धुकंच थोडं घट्ट झालं
आणि त्याला शिंगं फुटली.
मानेवरची आयाळ दवानं चिकटलेली.
ते खाली वाकलं, माती चाटू लागलं,
जिभेचा खरखर आवाज
मला आजही घासून ठेवलेल्या भांड्यांतून येतो.

दोर सुटल्याचं ऐकू आलं नाही.
ऐकू आलं ते नंतरचं,
ओल्या पोत्यावर काठी बसावी तसं.

रक्त आधी गुडघाभर उंचीवर, कारवीच्या पानांना.
मग जमिनीवर, पावलीएवढं.
मग मोहरी.
दुपारी ओमाण्णा हातापायांवर रांगत होता,
एकेक पान उलटून बघत.
ओढ्याशी दिवटी थांबली,
पाण्याकडं बघून एकदाच भुंकली
आणि आमच्याकडं पाठ करून बसली.

"मेलं असंल कुठंतरी."
"जगलं असंल. वरच्या अंगाला लागलाय."
दोघं भाऊ त्यावरून भांडले, अगदी शेताच्या बांधावरून भांडावं तसे.
काका बोलला नाही.
दुसऱ्या दिवशीही हुडकत राहिला,
संध्याकाळी बाणाचा मागचा तुकडा तेवढा मिळाला,
मोराचं पीस शाबूत.

रित्या हातानं उतरायचं, तरी वाटे पाडल्याशिवाय नाही.
ही आमच्यातली रीत.
शिदोरीत गुळाचा खडा होता.
काकानं सुरीनं तो फोडला,
कुंभ्याच्या पानांवर आठ वाटे,
नववा धनगरवाड्याचा,
दहावा घरी राहिलेल्या लक्कव्वाचा.
शिवपुत्राला हसू आलं, त्यानं ते आवरलं.
मग काकानं अकरावं पान मांडलं.
त्यावर गूळ ठेवला नाही.
माझ्याकडं हात केला.

मला आधी कळलंच नाही.
बापूनं माझ्या खांद्यावरची पिशवी उतरवली.

दरडीच्या पायथ्याशी, ज्या जागी जिभेनं खळगा पडला होता,
तिथं काकानं ते दोन्ही शेर ओतले.
पिशवी उलटी करून झटकली.
बोटांना चिकटलेलं धोतराला न पुसता
तसंच घेऊन चालू लागला.

घरी लक्कव्वानं मांसाचं विचारलं नाही.
"मीठ कुठाय?" म्हणाली.
"सांडलं."
धनुष्य पुन्हा आढ्यावर गेलं.
चाळीस वर्षांत जे एकदाही चुकलं नव्हतं
ते त्या रात्री राहून गेलं,
दोर उतरवायची.
कुणी आठवण केली नाही.
पुढल्या सुगीला मी शिडी लावून पाहिलं.
बांबू वाकला होता तसाच राहिला होता,
आणि दोर सैल लोंबत होती.